सुमनकाकीच्या घरात दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह

रिपेअरिंगच्या दुकानात सामान साठतं, असा लोकांचा समज आहे. साफ चूक! सामान लोक घेऊन जातात. जळका फ्यूजसुद्धा मागून नेतात. मागे राहतात ते किस्से. त्यांना कोणी न्यायला येत नाही, भंगारवाला घेत नाही, आणि टाकून द्यावं तर मन होत नाही.

नागावात, बीचकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी माझं आणि रूपेशचं दुकान आहे. टीव्ही, मिक्सर, पंखे, होमस्टेवाल्यांचे गिझर, जे येईल ते आम्ही उघडतो. परत बंद करताना एखादा स्क्रू उरतो, पण तो आमचा आपसातला विषय. खाऱ्या हवेची कृपा, इथं काही फार दिवस टिकत नाही, म्हणून धंदा बरा चालतो.

गिऱ्हाईक कसंही परवडतं हो. पण भागीदाराची आईच गिऱ्हाईक म्हणून आली, तर दुकानाला कुलूप लावावं आणि मांडव्याला जाऊन मिळेल ती बोट पकडावी. मी पकडली नाही, म्हणून हे एवढं सांगावं लागतंय.

* * *

रूपेशची आई म्हणजे सुमनकाकी. नारळी-पोफळीची वाडी, वाडीत चार खोल्यांचा होमस्टे, आणि जीभ अशी की पाहुण्यांचा कुत्रासुद्धा चप्पल जागेवर ठेवतो. मुंबईच्या एका पाहुण्यांनी, मुलं मोठी झाली म्हणून, त्यांचं जुनं गेमचं मशीन काकीला देऊन टाकलं. टीव्हीला जोडायचं, ट्रे बाहेर येतो, त्यात डिस्क ठेवायची, ट्रे आत जातो, गेम सुरू. आता हे ठेवलं होतं पाहुण्यांच्या पोरांसाठी. पण दुपारी पाहुणे समुद्रावर गेले की काकी हॉलचं दार लोटून घ्यायची आणि गाड्यांच्या शर्यतीचा गेम लावायची. त्या वेळात फोन उचलायची नाही. एकदा रूपेश शिडीवरून पडला, तर म्हणे, "जरा थांब, वळण आलंय."

असं ते मशीन एका रविवारी बंद पडलं. दुकानात आणलं, उघडलं. आत उडदाचा पापड!

पाहुण्यांची एक चिमुरडी. तिनं आईला बघितलं होतं, गोल वस्तू ट्रेमध्ये ठेवायची आणि बटण दाबायचं. तिनं ठेवली. ट्रेनं गिळली. पापड तळलेला होता, त्यामुळे लेन्सला तेल, पट्ट्याला तेल, दातेरी चाकांत चुरा. डिस्क फिरवून वाचणारा सगळा भाग, म्हणजे ड्राइव्ह, खलास.

चिमुरडीची आई शरमून गेली. काकी मात्र शांतपणे म्हणाली, "तिचं काय चुकलं? आधी पापड कुठला आनि डिस्क कुठली ते शिकवायचं, मग मशीन." मग आमच्याकडे वळली. "नवा ड्राइव्ह टाका. पन त्याच कंपनीचा. एका घरात एकच कंपनी."

हा काकीचा नियम. मिक्सर, पंखे, इस्त्री, सगळं एका कंपनीचं. का, तर "भांडान होत न्हाय!"

* * *

आता इथं एक अडचण सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला वेड्यांचा बाजार वाटेल. वाटेलच म्हणा.

रूपेशचं जमलं होतं. मुलीचं नाव स्नेहल. अलिबागजवळ एका शाळेत शिकवते. लॅपटॉप दुरुस्तीला घेऊन आली होती. लॅपटॉप दोन दिवसांत झाला, पण रूपेशनं तिला महिनाभर "पार्ट यायचाय" म्हणून सांगितलं. तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, तरी ती येत राहिली. स्नेहल बौद्ध घरातली. वडील गायकवाडकाका, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. आणि इकडे सुमनकाकी, वाडीवाली, जातीतल्या पंचवीस घरांत जिचा शब्द चालतो. रूपेशनं एकदा चाचपून बघितलं होतं. काकी एवढंच म्हणाली, "बाहेरचं आपल्यात बसत न्हाय." तेव्हापासून रूपेशची झोप उडाली होती, आणि झोप उडालेला माणूस सोल्डरिंग करायला बसला की माझीही उडायची.

त्याच कंपनीचा ड्राइव्ह कुठं मिळेना. मशीनच इतकं जुनं. पण मुंबईच्या बाजारातला एक ओळखीचा दुकानदार म्हणाला, "अरे, त्या मशीनवाल्यांनी स्वतःच तेव्हा तीन-चार कंपन्यांचे ड्राइव्ह वापरलेत. माझ्याकडं दुसऱ्या ब्रँडचा आहे. वायर तीच, प्लग तोच. लाव बिनधास्त."

रूपेश मुंबईहून परतताना तो ड्राइव्ह टॉवेलात गुंडाळून मांडी घालून बोटीत बसला. वारा सुटलेला, पाणी उडतंय, आणि हा त्या गाठोड्यावर ओणवा होऊन त्याला पदराखाली घ्यावं तसं झाकतोय. शेजारची म्हातारी म्हणाली, "किती दिवसांचं हाय?"

रूपेश म्हणाला, "जुनंच आहे, पण चालू आहे."

म्हातारी मांडव्यापर्यंत त्याच्याकडे बघत होती म्हणे!

* * *

दुकानात आल्यावर रूपेशनं मला त्याचा प्लॅन सांगितला. मी तो ऐकून स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला, कारण हातात ठेवणं बरं नव्हतं.

प्लॅन असा. दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह गुपचूप बसवायचा. आईला सांगायचं नाही. आई पंधरा दिवस मजेत खेळेल. मग एका शुभ दुपारी सांगायचं, "आई, हा बाहेरचा आहे. आपल्यात बसला की नाही?" आई विरघळेल. मग लगेच स्नेहलचा विषय!

"रूप्या," मी म्हटलं, "तुझी आई आहे ती, टेस्टिंग बोर्ड नाही."

पण प्रेमात पडलेल्या माणसाला मल्टिमीटर लावून उपयोग नाही, रीडिंगच येत नाही. लागलो कामाला. वायर तीच, प्लग तोच, सगळं खरं. पण ट्रेचं तोंड! म्हणजे पुढची पट्टी. मशीन काळं कुळकुळीत आणि ह्या नव्या ट्रेची पट्टी पांढरट, शिवाय दोन सूत लांब. कानशीनं घासून बसवली. रंगाचं काय? रूपेश धावत खाडीवर गेला आणि होडीच्या बुडाला लावतात त्या काळ्या रंगाचा डबा घेऊन आला. एक हात मारला. लांबून बघाल तर कंपनीतून आल्यासारखं!

लांबून. जवळ गेलं की बंदराचा वास यायचा.

* * *

काकीनं मशीन घेतलं, दार लोटलं. आम्ही दोघं ओटीवर कान देऊन बसलो. आतून गाड्यांचा आवाज. रूपेशनं माझा हात दाबला. अर्धा तास गेला. मग आवाज थांबला आणि काकी बाहेर आली.

नाकावर काळा पट्टा. गालावर दोन बोटं. डोळ्यांखाली एक. डिस्क बदलताना रंग बोटांना लागला होता आणि घाम पुसताना तोंडाला. आम्ही हसलो नाही. हसण्याची सोयच नव्हती.

"हे तोंड कोनाचं हाय?" काकीनं विचारलं. तिचं म्हणणं ट्रेबद्दल होतं.

रूपेशनं पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "आई, हा ड्राइव्ह दुसऱ्या कंपनीचा आहे. बाहेरचा. पण बघ, आपल्यात बसला की नाही? तशीच स्नेहल..."

काकीनं हात वर केला. भाषण संपलं.

"माझी सून काय डबडं हाय?" ती गरजली. "त्या पोरीला कळलं तू तिला कशाशी जोडलास, तर मी न्हाय म्हनायच्या आधी तीच न्हाय म्हनेल! माझ्या डोक्यात काय हाय ते मला विचार ना सरळ. मला तिची भीती न्हाय रं. मला गावाची भीती वाटते. उद्या कोनी तिला माझ्यादेखत काय बोललं, तर मी काय करीन, तेच मला कळत न्हाय. म्हनून रात्रंदिवस जीव घाबरतो माझा."

एवढं सरळ बोलणं आम्हाला अपेक्षित नव्हतं. तेही तोंडावर होडीचा रंग घेऊन. मग काकीच म्हणाली, "त्या ड्राइव्हचं मात्र उद्या देवीला विचारते."

* * *

इथं कुणाला खोटं वाटेल, पण आमच्याकडे वाडी विकायची असो की विहीर खणायची, लोक देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या दोन्ही अंगांना फुलं चिकटवतो, गिऱ्हाईक आपलं गाऱ्हाणं घालतं, उजवं फूल पडलं की हो, डावं पडलं की नाही. मी लहानपणापासून बघतोय. गेमच्या मशीनसाठी लागलेला कौल मात्र पहिलाच.

गुरवानं फुलं लावली. काकीनं हात जोडले. "आई, दुसऱ्या कंपनीचा ड्राइव्ह घरात ठेवू का?"

गुरव म्हणाला, "काकी, फोडून सांगा. देवीला ड्राइव्ह काय समजायचा?"

मग काकीनं देवीला समजावलं. ट्रे बाहेर येतो, त्यात डिस्क ठेवतात, ती फिरते, खालून उजेड पडतो, आणि उजेडानं ती वाचली जाते. एकही चूक नाही! गुरव तोंड उघडं ठेवून ऐकत होता. मागं एक बाई ओटी घेऊन उभी होती, ती म्हणाली, "आमच्या टीव्हीचा पन असाच विचारा ना."

उजवं फूल पडलं. पटकन.

रूपेशनं संधी साधली. "आई, लागलीच स्नेहलचं पण विचारून घे. फुलं लावलेलीच आहेत."

काकी उठली. "मशीनचं देवीवर ढकलता येतं. मानसाचं आपनच ठरवायचं असतं."

मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, रूप्याचं काम होईल. त्याला सांगितलं नाही, नाहीतर अजून एखादा प्लॅन काढला असता.

* * *

देवीनं हो म्हटलं आणि तिसऱ्या दिवशी ड्राइव्ह अडकला!

पाहुण्यांचा फोन, ट्रे बाहेर येत नाही. मशीन दुकानात आणलं. बटण दाबलं, ट्रे बाहेर. आत, बाहेर, लोण्यासारखा. परत नेऊन ठेवलं. तासाभरात फोन, अडकला. परत आणलं. परत चालू! मी बटण दाबदाबून अंगठा दुखवून घेतला. रूपेश म्हणाला, "त्याला दुकान आवडतंय बहुतेक."

इकडे काकीच्या घरी आलेल्या नणंदेनं संधी घेतली. "म्हटलं नव्हतं? बाहेरचा तो बाहेरचाच! आनि ही म्हने सून पन बाहेरची आनायच्या विचारात हाय." रूपेशचा चेहरा असा पडला की मला त्याच्याकडे बघवेना. एका भंगार ड्राइव्हवर ह्याचा संसार अडकला होता.

शेवटी काकी स्वतः मशीनपुढं बसली. पाहुण्यांचा एसी फुल चालू. तिनं बोटानं ट्रेची फट चाचपली, बोट नाकाशी नेलं, आणि आमच्याकडे बघितलं.

"ह्याला तेल कोनी लावलं?"

"मी," रूपेश म्हणाला. "ट्रे जरा घट्ट होता. म्हणून थोडं खोबरेल."

आता कोकणातल्या माणसाला बिजागरी कुरकुरली की खोबरेल, पाय दुखला की खोबरेल, कानात किडा गेला की खोबरेल. हात आपोआप त्याच बाटलीकडे जातो. माझ्या देखत लावलं होतं त्यानं, आणि मलाही काही वाटलं नव्हतं! पण खोबरेल गारठ्यानं थिजतं. आमच्या दुकानात पंखा, म्हणून ट्रे पळायचा. हॉलमध्ये एसी, की तेलाचं मेणच!

काकीनं मशीन उचललं आणि अंगणात, सुकत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी, उन्हात ठेवलं. थंडीत खोबरेलाची बाटली ठेवतो तसं. कावळ्यांना हाकलायला नणंदेला बसवलं. दहा मिनिटांनी आत नेऊन बटण दाबलं, ट्रे बाहेर! मग आम्ही सगळं पुसून, योग्य ते वंगण घालून बसवलं.

"बघितलंस?" काकी नणंदेला म्हणाली. "त्याचा काय पन दोष नव्हता. आपल्याच वाडीतलं तेल आडवं आलं. बिचाऱ्याला उगाच बोललो."

नणंद काहीतरी पुटपुटली. तिच्या अंगाला बोंबलांचा वास येत होता, त्यामुळे तिचं म्हणणं कोणी फार जवळ जाऊन ऐकलं नाही. त्याच संध्याकाळी काकीनं रूपेशला सांगितलं, "त्या पोरीला आनि तिच्या वडलांना बोलाव रविवारी."

* * *

रविवार. गायकवाडकाका आले. उंच, पांढऱ्या मिशा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला विनाअपघात सेवेचा बिल्ला. स्नेहल बरोबर. हॉलमध्ये सगळे बसले, मी कोपऱ्यात, उगाचच. कोकम सरबत झालं.

गायकवाडकाका आडपडदा ठेवणारे नव्हते. "ताई, एकच विचारतो. माझ्या मुलीनं ह्या घरात कुठल्या खोलीत जायचं आणि कुठल्या नाही, असं काही असेल तर आत्ताच सांगा. आम्ही चहा न घेता उठतो, राग नाही."

काकी उठली, स्नेहलच्या दंडाला धरलं, सरळ स्वयंपाकघरात चुलीपुढं नेलं आणि म्हणाली, "चहा तूच टाक. तुझ्या वडलांना साखर किती लागते ते मला काय ठाऊक?" नणंद दारातच उभी होती. काकी तिला म्हणाली, "तुला पन हिच्याच हातचा मिळेल. नको असेल तर आत्ता सांग." नणंदेनं साखर कमी सांगितली.

काकी परत येऊन बसली. पण गायकवाडकाका अजून खुलेनात.

"तुमचं कळलं," ते म्हणाले. "पण मुलाचं काय? ह्याचं ड्रायव्हिंग बघितलंय मी. चौलच्या वळणावर माझ्या गाडीला डावीकडून ओव्हरटेक केलं होतं ह्यानं. गाडीत चाळीस माणसं! असल्या माणसामागं माझी मुलगी बसणार?"

रूपेश पांढरा पडला. स्नेहल आतून ओरडली, "बाबा, मागं बसणार नाही, मी चालवते! लग्न मला करायचंय, जरा मलाही विचारा!"

काकीला काय सुचलं देव जाणे. तिनं एक रिमोट स्वतः घेतला आणि दुसरा गायकवाडकाकांच्या हातात दिला. "माझ्या पोराला नंतर बघा. आधी आमच्या घरात गाडी कशी चालवतात ते बघा."

आता काकी हा गेम कशी खेळते, ते तोवर मीही बघितलं नव्हतं, कारण दार लोटलेलं असायचं. पडद्याचे दोन भाग झाले, वर काकीची गाडी, खाली गायकवाडकाकांची. शर्यत सुरू झाली. कॉम्प्युटरच्या सगळ्या गाड्या सुसाट सुटल्या. काकीनं आधी मागं वळून बघितलं, मग हळूच गाडी काढली. पहिल्याच चौकात लाल सिग्नल. काकी थांबली.

शर्यतीत! सिग्नलला!

मी कपाळाला हात लावला. पण खाली बघतो, तर गायकवाडकाकाही थांबलेले. मिशीतल्या मिशीत हसत होते. हिरवा झाला, दोघं निघाले. वळणावर दोघांचा हॉर्न. पुलावर दोघं हळू. एका ठिकाणी मागून एक गाडी आली, तर काकीनं बाजूला घेऊन तिला वाट दिली, आणि गायकवाडकाका मनापासून म्हणाले, "व्वा!" बाकीच्या गाड्या कधीच पोचून गेल्या. हे दोघं शेवटच्या रेषेशी आले आणि एकाच वेळी थांबले.

"ताई, घ्या पुढं. लाइन मोकळी आहे."

"न्हाय. तुमी पाव्हनं. आधी तुमी."

"बाईमाणसाला आधी वाट द्यायची, हा आमचा नियम."

"माझ्या घरात माझा नियम. व्हा पुढं."

दोन्ही गाड्या रेषेपुढं घरघरत उभ्या. गायकवाडकाकांनी हॉर्न दिला. काकीनं उलटा दिला. स्नेहल चहाचे कप घेऊन दारात उभी, रूपेश तिच्याशेजारी, कोणाच्या चेहऱ्यावर रक्त नाही. चहा निवायला लागला.

"अहो ताई," गायकवाडकाका शेवटी वैतागून ओरडले, "मुलगी दिली तुमच्या घरात! आता तरी पुढं व्हा!"

काकीनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"सून केली मी तिला! पन पुढं तुमीच जायचं!"